कोरड्या मुलखातील झरा
(होसकोटे येथे मराठी वाचकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अनुवादकाला व्यासपीठावर बोलावण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही. मूळ लेखकाचे बोलणे वाचकांपर्यंत पोहोचले की अनुवादकाचे काम संपते, आणि ते तसे संपावे हेच योग्य. म्हणून आज मी अनुवादाच्या अडचणींविषयी थोडेच बोलणार आहे. मला बोलायचे आहे ते एका विशिष्ट प्रकारच्या वाटचालीविषयी. चहूकडे रखरखीत, खडकाळ मुलूख पसरलेला आहे. पाऊस नावाला पडतो. आणि त्या मुलखात खोल चिरलेल्या एखाद्या घळीच्या तळाशी बारमाही ओढा वाहतो आहे. त्या ओढ्याच्या काठाने चालत जाणे, ही ती वाटचाल. पाश्चात्त्य वाङ्मयात अशा पायपिटीची वर्णने विपुल आहेत. ती मराठीत आणताना माझ्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहिला. पाऊस नाही, डोंगरावर बर्फ नाही, मग हे पाणी येते कोठून? होसकोट्यात बसून हा प्रश्न विचारला की तो दूरच्या देशाचा राहत नाही, हे आपल्या लक्षात येईलच.

प्रथम शब्दांची सोय लावून घेऊ. वाळवंट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. पंढरपूरच्या वाटेवरचा वारकरी असेल, तर त्याला चंद्रभागेचे वाळवंट आठवते. परंतु मी ज्या मुलखाविषयी बोलतो आहे तो वाळूचा नसून खडकाचा आहे. म्हणून त्यास मी रुक्ष मुलूख म्हणेन. दरी हा शब्द ऐसपैस आहे. दोन डोंगरांमधली रुंद, शेतीभातीची जागाही दरीच. जेथे दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, आकाशाची पट्टी अरुंद होते आणि तळाशी जेमतेम ओढ्यापुरती जागा उरते, तिला आपल्याकडे घळ म्हणतात. शिवथरघळीमुळे हा शब्द घरोघरी परिचित आहे. आणि पाण्याच्या बाबतीत तर मराठी भाषा श्रीमंत आहे. खडकातून नुसता ओलावा सुटतो तो पाझर; धार धरून वाहतो तो झरा; जमिनीतून वर उसळतो तो उमाळा. विहिरीच्या तळाशी असे झरे असले, तर ते पाणी जिवंत आहे असे आपण म्हणतो. हा जिवंत शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. जिवंत असलेली वस्तू मरू शकते, हे त्यात गृहीत आहे.

आता या वाटचालीचे जगप्रसिद्ध उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोराडो नदीने कोरलेली प्रचंड घळ आपण सर्वांनी चित्रांतून पाहिली आहे. तिच्या एका फाट्यात हवासू नावाचा ओढा वाहतो. या फाट्यात हवासुपाई नावाची आदिवासी जमात शतकानुशतके राहत आली आहे, आणि या नावाचा अर्थच मुळी निळ्या-हिरव्या पाण्याची माणसे असा आहे. त्यांच्या सुपाई या गावाला मोटाररस्ता नाही. पठाराच्या कडेपासून सुमारे १३ किलोमीटर पायी किंवा खेचरावरून उतरून जावे लागते. गावाचे टपालसुद्धा खेचरांच्या पाठीवरून येते. या उताराचा बहुतेक भाग कोरडा ठणठणीत आहे. लाल खडक, तापलेली वाळू, खुरटी झुडपे. गाव जवळ आल्यावर मात्र एकाएकी वाहत्या पाण्याचा आवाज कानी पडतो, झाडांची दाटी दिसते, मक्याची व फळझाडांची शेती दिसते. आणखी तीन किलोमीटर पुढे गेले की तेच पाणी उंच कड्यावरून निळ्या रंगाचा धबधबा होऊन कोसळते.

या पाण्याचे गुणधर्म पाहण्याजोगे आहेत. उगमापाशी त्याचे तपमान वर्षभर सुमारे २१ अंश सेल्सिअस असते; बाहेर कडक ऊन असो वा हिमवर्षाव. त्याच्यात चुन्याचा अंश भरपूर असतो. पाणी उघड्यावर येऊन खळाळू लागले की हा चुना वेगळा होऊन तळावर, फांद्यांवर, पडलेल्या पानांवर बसतो, आणि कालांतराने ओढ्यात पायऱ्यापायऱ्यांचे नैसर्गिक बंधारे तयार होतात. पाण्याचा निळसर रंगही या चुन्याचाच परिणाम. तपमान स्थिर आहे याचा अर्थ पाणी खोलवरून आले आहे. चुना आहे याचा अर्थ ते चुनखडीच्या खडकातून वाट काढीत आले आहे. आणि प्रवाह पावसाळ्या-उन्हाळ्यात फारसा बदलत नाही याचा अर्थ ते आज-काल पडलेल्या पावसाचे नाही. वरच्या विस्तीर्ण पठारावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकांच्या भेगांतून हळूहळू शेकडो मीटर खाली उतरतो, खालच्या अभेद्य थरावर अडतो, आणि जेथे घळीने तो थर कापला आहे तेथे बाहेर पडतो. शेजारच्या यूटा राज्यात झायन नावाची एक घळ आहे. तिच्या कड्यातून ठिबकणारे पाणी वालुकाश्मात मुरून बाहेर यायला एक हजार वर्षांहून अधिक काळ लागतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या थेंबाखाली ओंजळ धरणारा प्रवासी, आपल्याकडे चालुक्य-राष्ट्रकूटांची राज्ये होती त्या काळाच्या आसपासचा पाऊस पीत असतो.

येथे या भाषणातील मुख्य मुद्दा मी मांडतो. झरा हा दिसतो घळीत, पण तो घळीचा नसतो. तो माथ्याचा असतो. घळीने फक्त दार उघडून दिलेले असते. पाणी साठले ते वर, नजरेआड, कित्येक मैलांच्या सपाटीवर, जेथे पाहण्यासारखे काही नाही म्हणून प्रवासी थांबतही नाहीत. ओढ्याकाठची सगळी शोभा, सावली, पाखरे, फुलपाखरे, ही त्या अनाकर्षक माथ्याची देणगी आहे. म्हणून ज्याला हा ओढा कळायचा आहे, त्याने पाण्याकडे पाहून झाल्यावर मान वर करून माथ्याकडे पाहिले पाहिजे.

हे कळले म्हणजे चालण्याची दृष्टीच बदलते. कोरड्या घळीत पाणी शोधणाऱ्याने कान आणि डोळे कोठे लावावेत, याचे काही ठोकताळे आहेत. कड्यावर एका विशिष्ट उंचीला आडवी हिरवी रेघ दिसली, तर तेथे दोन थरांचा सांधा आहे आणि त्यातून पाझर सुटतो आहे असे समजावे. तेथे हंसराजाच्या कुळातील नेचे हमखास सापडतात. बारीक काळे देठ आणि नाजूक पाने असलेली ही वनस्पती सह्याद्रीतील ओलसर कपारीत उगवते, तशीच कोलोराडोच्या कड्यांतल्या पाझरांवरही उगवते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात उंबर वा करंज टवटवीत उभा असेल, तर खाली ओल आहे. मधमाश्या उन्हाच्या वेळी एकाच दिशेने जात-येत असतील, तर त्या दिशेला पाणी आहे. गुराख्यांना व मेंढपाळांना ही सर्व विद्या पाठ असते. पुस्तकांनी ती नंतर लिहून घेतली.

माथ्याचा विसर पडणे धोक्याचेही असते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटेलोप या अतिशय अरुंद घळीत अकरा पर्यटक वाहून जाऊन मरण पावले. घळीत त्या वेळी नाव घेण्याजोगा पाऊस नव्हता. कित्येक मैलांवर वादळी पाऊस कोसळला होता आणि त्याचे पाणी लोंढा होऊन आले. हवासूच्या गावालाही अशा पुरांनी अनेकदा झोडपले आहे. २०२२ च्या ऑक्टोबरातील पुराने तेथील पायवाटा व पूल मोडून टाकले. आपल्याकडे अकोले तालुक्यात साम्रदजवळ सांदण दरी नावाची अरुंद घळ आहे. पावसाळ्यात तिच्यात उतरू नये, असे स्थानिक लोक कळकळीने सांगतात ते याचसाठी. मुरलेले पाणी माथ्यावरून शेकडो वर्षांनी येते, न मुरलेले काही मिनिटांत येते. पहिले तारते, दुसरे मारते. पाऊस तोच असतो. मधल्या भूमीने त्याचे काय केले यावर सारे अवलंबून असते.

आता आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्राचा बहुतांश भाग अग्निजन्य काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा प्रदेश बनला. त्यांतील काही थर अखंड व घट्ट, तर काही सच्छिद्र. आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. पाणी सच्छिद्र थरातून उतरते, खालच्या घट्ट थरावर अडते, आणि डोंगराची कड आली की तेथून पाझरते. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर फिरणाऱ्यांना ऐन मे महिन्यात कड्याच्या पोटातल्या टाक्यात थंडगार पाणी मिळते. त्यांतील काही टाकी पावसाच्या पाण्याने भरतात, तर काहींना असा पाझर असतो. खोदणाऱ्यांनी तो थर अचूक ओळखला होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला तर हा प्रकार एखाद्या प्रयोगशाळेत मांडून ठेवल्यासारखा पाहता येतो. उल्कापाताने झालेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या तळाशी खारे सरोवर आहे. परंतु काठाच्या उतारावर 'धार' नावाचा गोड्या पाण्याचा बारमाही झरा आहे. खाली खारे, वर गोडे. कारण वरच्या झऱ्याला विवराभोवतीच्या सपाटीत मुरलेला पाऊस पोसतो. धारेपासून खाली सरोवरापर्यंत झाडीतून उतरत जाणारी वाट ही आपल्या मुलखातील या वाटचालीची एक लहानशी आवृत्तीच होय.

होसकोट्याच्या लोकांना मात्र एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर कोलार आहे. बंगळूर, होसकोटे, कोलार हा सारा टापू सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता, ही गोष्ट आपण मराठी मंडळी अभिमानाने सांगतो. पण या मुलखाचे पाणी कोठून येते हे त्या काळच्या कारभाऱ्याला जितके ठाऊक असेल, तितके आपल्याला ठाऊक नाही. कोलार गावाच्या पश्चिमेला शतशृंग नावाची डोंगररांग आहे. नाव शंभर शिखरांचे, रूप उघड्याबोडक्या धोंड्यांचे. तिच्या एका अंगाला अंतरगंगे नावाचे ठिकाण आहे. मी तेथे गेलो तो मार्च अखेरीचा दिवस होता. पायथ्याशी सीताफळीची वाळलेली झुडपे आणि घाणेरीची जाळी. दगडी पायऱ्या सकाळी नऊ वाजताच तापलेल्या. माकडांचे कळप सावली धरून बसलेले. पायऱ्या संपल्या आणि काशीविश्वेश्वराच्या देवळाच्या आवारात दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार कुंडात पडताना दिसली. धार मनगटाएवढीही जाड नव्हती. परंतु वर पाहावे तर नुसता खडक, खाली पाहावे तर नुसते ऊन. त्या दोहोंच्या मध्ये ती धार अखंड पडत होती. लोक घागरी आणि बाटल्या भरून घेत होते. एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "ही काशीची गंगा, भूमीच्या आतून आली आहे." आत दडलेली गंगा, हाच त्या ठिकाणाच्या नावाचा अर्थ.

मी त्यांना काही बोललो नाही. बोलण्याचे कारणही नव्हते. पाणी भूमीच्या आतून आले आहे हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते, फक्त ते काशीइतक्या दुरून आलेले नाही. देवळामागून वर चढत गेले की धोंड्यांच्या राशी लागतात. घराएवढाले गोल खडक एकमेकांवर रेललेले, त्यांच्या खाली अंधाऱ्या पोकळ्या. कोठे कोठे बॅटरी हाती धरून, बसून, सरपटत पुढे जावे लागते. अमेरिकेतील घळ पाण्याने वरून कापली. ही चिंचोळी वाट खडकाच्या मूळच्या भेगा झिजून रुंदावल्याने झाली. या खडकाला स्वतःची सच्छिद्रता जवळजवळ नाही. वरच्या दहा-वीस मीटरांत तो कुजून मुरूम झालेला असतो. तो मुरूम स्पंजासारखे पाणी धरतो, आणि खालच्या भेगा ते पाणी वाहून नेतात. चढण संपल्यावर मला वाटले होते की शिखर लागेल. लागली ती शेते. डोंगराच्या माथ्यावर सपाटी आहे, तेथे लहान लहान गावे आहेत, नाचणीची शेते आहेत, डबकी आहेत, झाडी आहे. तेथे उभे राहिल्यावर खालच्या नंदीच्या मुखातील धारेचा उलगडा होतो. ज्या शेतकऱ्याच्या बांधाशी पाऊस थांबतो, त्याला तो थांबतो म्हणून खाली कोणी तीर्थ भरून नेत असल्याची जाणीवही नसेल. यात्रेकरू कुंडापाशी हात जोडतात. या बांधापाशीही कोणी तरी ते जोडायला हवेत.

याच टापूत नंदी डोंगर आहे, आणि त्याच्या परिसरातून निघालेल्या दोन नद्यांची गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे. नावाने दोघी बहिणी. उत्तर पिनाकिनी, म्हणजे पेन्ना, आंध्रात शिरते आणि गंडिकोट्याला लाल गारगोटी खडकात अशी खोल घळ कोरते की पाहणाऱ्याला कोलोराडोची आठवण व्हावी. तो रायलसीमेचा मुलूख. शेजारच्या अनंतपूर जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे देशातील अत्यंत कोरड्या जिल्ह्यांत त्याची गणना. तरी त्या मुलखात झऱ्यांची तीर्थे जागोजाग आहेत. एर्रमल डोंगरातील यागंटीच्या पुष्करिणीत बारमाही झऱ्याचे पाणी येते. पेन्नेच्या काठी ताडपत्रीला बुग्गा रामलिंगेश्वराचे देऊळ आहे. बुग्गा या तेलुगू शब्दाचा अर्थच झरा, आणि तेथे पिंडीपाशीच पाणी उमळते. त्या प्रदेशात चुनखडीचे थर आहेत, त्यामुळे तेथील झरे आमच्या कोलारच्या धारेपेक्षा भरदार. दैवतांची नावे वेगळी, खडक वेगळा, पण रचना तीच: कोरडा मुलूख, वरची सपाटी, खाली उघडलेले दार.

दुसरी बहीण दक्षिण पिनाकिनी. ती आपली. होसकोट्याजवळून ती जाते, पुढे तमिळनाडूत तेन्पेण्णै या नावाने वाहते आणि कडलूरजवळ समुद्राला मिळते. होसकोट्याचे मोठे तळे तिच्याच पाण्यावरचे. पाऊस थांबल्यानंतरही नदी काही महिने वाहत राहते ती कशामुळे? काठच्या जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू पात्रात पाझरत राहते म्हणून. म्हणजे नदी हा सुद्धा लांबच लांब पसरलेला एक झराच असतो. आज आपण पुलावरून जाताना खाली पाहतो तेव्हा वर्षाचा बराच काळ वाहते पाणी दिसत नाही. दिसते ते शहराचे सांडपाणी, गवत, वाळूचे खड्डे.

याचे कारण आपण सारे जाणतो, पण क्रम लावून सांगितले पाहिजे. १९६७ च्या सुमारास, बिहारमधील दुष्काळाच्या वेळी, कठीण खडक भेदणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर आपल्या देशात येऊ लागली. हेतू चांगला होता. तहानलेल्या गावांना पाणी मिळाले. त्याआधी या टापूत उघड्या विहिरी होत्या, आणि त्या मुरमाच्या थरातील पाण्यावर चालत. विंधनविहीर आली आणि आपण मुरूम ओलांडून भेगांत शिरलो. प्रथम दोनशे फूट, मग पाचशे. आता होसकोटे-कोलार भागात बाराशे-पंधराशे फुटांची भाषा ऐकू येते. या खडकातील भेगा जसजसे खाली जावे तसतशा विरळ व बारीक होत जातात. म्हणजे खोली वाढते, पाणी वाढत नाही. आणि जे लागते ते इतके जुने असते की ते भरून येण्याची वाट पाहणे एका माणसाच्या आयुष्यात बसत नाही. त्यातच माळरानांवर आणि शेतांवर नीलगिरीची लागवड इतकी झाली की २०१७ साली कर्नाटक सरकारला नव्या लागवडीवर बंदी घालावी लागली. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत होसकोटे तालुका आणि सारा कोलार जिल्हा अतिउपशाच्या यादीत गेला आहे. अतिउपसा म्हणजे वर्षात जितके मुरते त्याहून अधिक काढले जाते. माथ्याची शिल्लक खाऊन आपण चालतो आहोत. घळीत राहणारा ओढा कधी आटतो? वरच्या माणसांनी खालच्या दारापर्यंत पाणी पोहोचूच दिले नाही म्हणजे.

हवासुपाई लोकांचा लढाही याच मुद्द्यावर आहे. १८८२ साली त्यांची वरची सगळी शिकारीची व चराईची भूमी काढून घेऊन त्यांना घळीच्या तळाशी अवघ्या ५१८ एकरांत कोंडण्यात आले. ज्यांना पाणी दिले त्यांना माथा नाकारला. १९७५ साली, दीर्घ प्रयत्नांनंतर, पठारावरील सुमारे १,८५,००० एकर त्यांना परत मिळाले. तरी चिंता सरली नाही. त्यांच्या पवित्र भूमीत, कोलोराडोच्या दक्षिण कड्यापासून सुमारे १६ किलोमीटरवर, युरेनियमची एक खाण आहे. तिच्यातून २०२३ च्या डिसेंबरात खनिज काढण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आसपासची विस्तीर्ण सरकारी भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित होऊन तेथे नव्या खाणींना मनाई झाली होती, परंतु आधीपासूनची ही खाण त्यातून सुटली. खाणीचे समर्थक म्हणतात, पाण्याला धोका नाही. हवासुपाई म्हणतात, खडकाच्या आत काय होईल हे तुम्ही पाहिलेले नाही, आणि बिघडले तर आम्हाला दुसरा ओढा नाही. मी शास्त्रज्ञ नाही. या वादाचा निवाडा मी करणार नाही. परंतु दुसरा ओढा नाही, या वाक्यातील गांभीर्य समजण्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

हे सारे ऐकून मन खिन्न होते. परंतु झऱ्याच्या बाबतीत उलट दिशेनेही काम झालेले आहे, आणि त्यात मराठी माणसांचा हात आहे हे सांगावयास मला आनंद वाटतो. सिक्कीम राज्यात लोकांचे पिण्याचे पाणी मुख्यतः डोंगरातील झऱ्यांवर अवलंबून आहे. ते झरे उन्हाळ्यात आटू लागले, तेव्हा २००८ साली तेथील शासनाने 'धारा विकास' नावाचे काम हाती घेतले. भूजलाचा अभ्यास करणारी पुण्यातील ॲक्वाडॅम ही संस्था या कामात मार्गदर्शक होती. पद्धत साधी आणि आपल्या मुद्द्याला धरूनच होती. झऱ्यापाशी काही बांधायचे नाही. आधी खडकांचे थर व त्यांचा उतार तपासून, हा झरा कोणत्या माथ्याचा आहे ते शोधायचे. पुष्कळदा तो माथा झऱ्याच्या थेट वर नसतो. थर ज्या बाजूला कललेले असतात त्यानुसार तो डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही निघतो. एकदा तो सापडला की तेथे उतारावर चर खणायचे, बांध घालायचे, झाडे राखायची. ही कामे रोजगार हमीच्या मजुरीतून झाली. आणि रोजगार हमीची कल्पना मुळात महाराष्ट्रात, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आकाराला आली, हे येथे आठवावे. काही वर्षांत उन्हाळ्यातील धारा वाढल्याचे आढळून आले. त्याच तत्त्वावर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची आणि शेतीसाठी विंधनविहिरी न घेण्याची शिस्त पाळली. खडकाची जात बदलते, हिशेब तोच राहतो.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. या पुस्तकातील घळी आणि ओढे वाचून आपल्यातील काहींना, विशेषतः तरुणांना, चालण्याची ओढ लागेल. लागावी. अंतरगंगेला जा, लोणारला जा, सह्याद्रीतल्या टाक्यांचे पाणी प्या. जाताना पाणी घेऊन जा, पावसाची वार्ता काढून मगच घळीत उतरा, ओढ्यात साबण वा कचरा टाकू नका; हे नेहमीचे नियम आहेतच. माझी भर एवढीच की परतीची वाट माथ्यावरून घ्या. झऱ्याच्या वर जा. तेथे कोण राहते, काय पेरते, तळे गाळाने भरले आहे की उपसले आहे, विंधनविहिरी किती झाल्या, हे विचारा आणि लिहून ठेवा. दरवर्षी मे महिन्यात त्याच झऱ्याखाली तीच घागर धरून ती किती वेळात भरते एवढी नोंद जरी एखाद्या शाळेने दहा वर्षे ठेवली, तरी तिची किंमत मोठी आहे. होसकोट्याच्या ग्रंथालयात अशी एक वही असावी, असे मला मनापासून वाटते. तिच्यात पहिली नोंद दक्षिण पिनाकिनीची असावी: कोणत्या तारखेला पात्रातले वाहते पाणी थांबले, आणि कोणत्या तारखेला ते पुन्हा सुरू झाले. तिच्या नोंदी आपल्या नातवंडांच्या कामी येतील.